गाडीचा कल आणि चाकांवरचा भार : जुन्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन सुधारण्याआधी

एप्रिल संपत आला, रस्त्यांवरचं मीठ पहिल्या पावसानं धुऊन निघालं, की सस्काटूनमध्ये हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या जुन्या स्पोर्ट्स कार बाहेर पडायला लागतात. तुमच्याकडे अशी एखादी गाडी असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाणवते. सर्कल ड्राइव्हच्या गोल रॅम्पवरून उतरताना गाडी बाहेरच्या बाजूला चांगलीच कलते. आजच्या साध्या कुटुंबाच्या गाडीपेक्षाही जास्त.

त्यावर सल्ले तयार असतात : जाड स्वे बार टाका, कडक स्प्रिंगा घाला, गाडी खाली बसवा. यातला प्रत्येक उपाय कल कमी करू शकतो. पण कल कमी झाला म्हणजे गाडी रस्त्याला जास्त घट्ट धरते असं नाही, आणि चुकीच्या टोकाला केलेला उपाय गाडीला पूर्वीपेक्षा धोकादायक बनवू शकतो. खर्च करण्याआधी यामागचं भौतिकशास्त्र समजून घेऊ. ते शाळेतल्या तराफेच्या नियमापलीकडे फारसं जात नाही.

उदाहरणाची गाडी

आपण एमजीबी ही ब्रिटिश गाडी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ती इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली आणि मोठ्या संख्येनं उत्तर अमेरिकेत आली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन ज्या 'बी सिरीज' घराण्यातलं, त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये होतं. मागच्या ॲक्सलखाली पाटे आहेत, तेही आपल्या ओळखीचे. पुढे मात्र दोन त्रिकोणी भुजा आणि गुंडाळीची स्प्रिंग अशी स्वतंत्र रचना आहे.

ही गाडी निवडण्याचं आणखी एक कारण आहे. कल वाढला की काय होतं आणि तो कसा आवरता येतो, याचा प्रयोग तिच्या कारखान्यानंच १९७० च्या दशकात, न ठरवता, करून ठेवला आहे. त्याकडे पुढे येऊ.

कल येतो कुठून?

खंबाटकी घाटात एसटी उजवीकडे वळली की आतली सगळी माणसं डावीकडे झुकतात. शरीराला सरळ जायचं असतं, बस मात्र वळते. गाडीच्या बॉडीचंही तेच. गाडीला वळवणारं बल टायर आणि रस्ता यांच्यामध्ये, म्हणजे जमिनीच्या पातळीवर लागतं. गाडीचा गुरुत्वमध्य त्याच्यापेक्षा साधारण अर्धा मीटर वर असतो. खालून आत ओढलं जातं आणि वरचं वजन सरळ जाऊ पाहतं, म्हणून गाडी बाहेरच्या बाजूला उलटू पाहते. या उलटवू पाहणाऱ्या परिणामातून दोन गोष्टी घडतात.

पहिली : आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेवढाच बाहेरच्या चाकांवर वाढतो.

दुसरी : स्प्रिंगा असल्यामुळे बाहेरची बाजू दबते, आतली उचलली जाते आणि बॉडी कलते.

बहुतेकांची समजूत अशी असते की गाडी कलते म्हणून वजन बाहेर जातं. प्रत्यक्षात भार बाहेर जाण्यासाठी कलण्याची गरजच नसते. हे घरी करून बघता येतं.

दोन वजनकाट्यांचा प्रयोग

काटा फिरतो असे जुन्या पद्धतीचे दोन वजनकाटे घ्या. (डिजिटल काटे आकडा धरून ठेवतात, त्यामुळे बदल दिसत नाही.) ते शेजारी शेजारी ठेवून एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून ताठ उभे राहा. आता कुणाला तरी खांद्याला धरून तुम्हाला एका बाजूला हळूच ओढायला सांगा. तुम्ही वाकायचं नाही, गुडघा मोडायचा नाही.

समजा तुमचं वजन ७० किलो आहे, पायांमध्ये ५० सेंटीमीटर अंतर आहे, खांदा १.४ मीटर उंचीवर आहे आणि ओढ ५ किलोची आहे. बदललेला भार येतो ५ × १.४ ÷ ०.५ = १४ किलो. म्हणजे आधी ३५-३५ दाखवणारे काटे आता ४९ आणि २१ दाखवतील. तुम्ही तर जराही कलला नाहीत.

आता खांद्याऐवजी कंबरेला, १ मीटर उंचीवर, ओढायला सांगा. बदल फक्त १० किलो. किंवा पुन्हा खांद्यालाच ओढू द्या, पण पाय ७० सेंटीमीटर फाकवा. बदल पुन्हा १० किलो.

पूर्ण गाडीचं गणित यात आलं. किती भार एका बाजूकडून दुसरीकडे जाणार हे चार गोष्टींवर ठरतं : गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. स्प्रिंग कडक आहे की मऊ, बार जाड आहे की बारीक, याला त्या सूत्रात जागा नाही. (कललेल्या बॉडीचा गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो, त्याचा थोडा परिणाम होतो. पण तो लहान असतो.)

गाडीचे आकडे

चालकासह ११०० किलोची गाडी धरू. गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंच, चाकांमधलं अंतर १.२५ मीटर. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ४० टक्के, म्हणजे रॅम्पवर जरा उत्साहानं उतरताना असतो तेवढा. हिशोबाला सोपे जावेत म्हणून आकडे पूर्ण घेतले आहेत, पण ते एमजीबीच्या आसपासचे आहेत.

बदललेला भार = ११०० × ०.४ × ०.५ ÷ १.२५ = १७६ किलो.

सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ५५०-५५० किलो होते. वळणात बाहेर ७२६ आणि आत ३७४ झाले.

गाडी २५ मिलिमीटरनं खाली बसवली तर? गुरुत्वमध्य ०.४७५ मीटरवर येतो आणि भार १६७ किलो बदलतो. नऊ किलोंचा, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांचा फायदा. आहे, पण थोडाच.

आता कलाचा हिशोब. स्प्रिंगांवरचं वजन ९५० किलो आणि ज्या अक्षाभोवती बॉडी कलते तो गुरुत्वमध्याच्या ०.३५ मीटर खाली, असं धरलं तर बॉडीला कलवणारा जोर सुमारे १३०० न्यूटन-मीटर येतो. एक अंश कलवायला ४०० न्यूटन-मीटर लागतील इतक्या स्प्रिंगा ताठ असतील, तर कल ३.३ अंश. अंशामागे २०० न्यूटन-मीटरची भर घालणारा बार बसवला, तर २.२ अंश. कल एक तृतीयांशानं कमी झाला. बदललेला भार मात्र अजूनही १७६ किलोच आहे.

मग बारानं काय साधलं? दोन गोष्टी. स्टिअरिंग फिरवल्यावर बॉडी लवकर स्थिरावते आणि कलण्यामुळे चाकांचा रस्त्याशी बिघडणारा कोन कमी बिघडतो. जुन्या गाड्यांमध्ये हा दुसरा फायदा मोठा असतो, कारण त्यांचं चाक बऱ्याच अंशी बॉडीबरोबर कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. पण बाराचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम तिसराच आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

१७६ किलो वाटून कोण घेतं?

टायरचा एक स्वभाव लक्षात ठेवा. भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. कल्पून घ्या की २५० किलो भाराखाली एक टायर २५० किलोची पकड देतो, ४०० किलोखाली ३७० ची आणि १०० किलोखाली १०४ ची. एका ॲक्सलवरचे दोन टायर २५०-२५० भार घेत असतील तर मिळून ५०० ची पकड मिळते. तोच भार ४०० आणि १०० असा वाटला गेला तर ४७४ चीच. वजन तेवढंच, पकड २६ नं कमी. म्हणजे ज्या ॲक्सलवर डाव्या-उजव्या चाकांमध्ये जास्त भार बदलतो, त्या ॲक्सलची एकूण पकड जास्त घटते.

आता १७६ किलोंपैकी पुढचा ॲक्सल किती घेणार आणि मागचा किती? जो ॲक्सल कलायला जास्त ताठ, तो जास्त घेतो. आपल्या गाडीच्या ४०० पैकी पुढचा वाटा २२० आणि मागचा १८० धरू. तर पुढे सुमारे ९७ किलो बदलतात आणि मागे ७९.

२०० चा बार पुढे बसवला : पुढे ४२०, मागे १८०. आता पुढे १२३ किलो आणि मागे ५३. पुढच्या टायरांची पकड आधी संपेल. वेग जास्त झाला तर गाडीचं नाक वळणाच्या बाहेर जाईल. चालक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, वेग कमी होतो, नाक परत आत येतं. याला अंडरस्टिअर म्हणतात.

तोच बार मागे बसवला : पुढे २२०, मागे ३८०. आता पुढे ६५ आणि मागे १११. कल दोन्ही वेळा सारखाच, २.२ अंश. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसणार नाही. पण आता मागच्या टायरांची पकड आधी संपते आणि गाडीची शेपूट बाहेर निघते. घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर भार आणखी पुढे जातो, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गर्रकन फिरते. हा ओव्हरस्टिअर. जुन्या गाडीत घसरण सावरणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसतं. ओल्या रॅम्पवर सावरायला चालकाचे दोन हातच असतात.

(प्रत्यक्षात काही भार स्प्रिंगांना न विचारता भुजांमधूनच जातो. तो हिशोब इथे सोडला आहे. दिशा मात्र हीच राहते.)

बार काम कसं करतो

अँटी-रोल बार, म्हणजे कॅनडात ज्याला सगळे स्वे बार म्हणतात तो, ही पिळाची स्प्रिंग आहे. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पोलादी कांब गाडीच्या आडवी बसवलेली असते आणि तिची दोन टोकं दोन चाकांच्या भुजांना जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर कांब आपल्या बुशमध्ये नुसती फिरते, विरोध करत नाही. एकच चाक वर गेलं तर ती पिळली जाते आणि त्या पिळाला विरोध करते. म्हणून बार जाड केला तरी सरळ रस्त्यावरच्या, दोन्ही चाकांना एकदम लागणाऱ्या उंचवट्यावर गाडी तेवढीच मऊ राहते.

पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १६ मिलिमीटरच्या जागी १९ मिलिमीटरचा बार टाकला तर फरक तीन मिलिमीटरचा दिसतो, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. २२ मिलिमीटरचा टाकला तर साडेतीनपट. दुकानात बार हातात घेऊन 'थोडासाच जाड आहे' असं वाटलं तर हा चौथा घात आठवा. याच कारणानं काही बार पोकळ असतात. २२ मिलिमीटरच्या बाराला मधून १४ मिलिमीटरचं भोक असलं तर वजन ४० टक्क्यांनी घटतं आणि ताठपणा फक्त १६ टक्क्यांनी.

बाराची किंमतही आहे. एकच चाक खड्ड्यात गेलं तर त्याचा धक्का बारामधून दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. बार जितका ताठ, तितका हा धक्का जास्त.

कारखान्यानं केलेला प्रयोग

आता एमजीबीची गोष्ट. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नव्या नियमांसाठी ब्रिटिश लेलँडनं या गाडीला मोठे काळे रबरी बंपर लावले आणि गाडी इंच-दीड इंचानं उंच केली. शिवाय खर्च वाचवण्यासाठी उघड्या टपाच्या मॉडेलवरचा पुढचा अँटी-रोल बार काढून टाकला. उंची वाढली, म्हणजे बदलणारा भार वाढला. बार गेला, म्हणजे कल वाढला आणि पुढे-मागे भार वाटण्याचं प्रमाणही बदललं. वळणावर चांगली म्हणून नावाजलेली गाडी डुलणारी झाली आणि तिच्यावर टीका झाली.

१९७७ च्या मॉडेलला दुरुस्ती आली. बंपरामुळे उंची कमी करणं शक्य नव्हतं, ती तशीच राहिली. पण पुढचा बार परत आला आणि त्याच्या जोडीला मागेही एक बार दिला गेला. कारखान्यानं मागचा बार एकट्यानं बसवला नाही, दोन्ही टोकांचा तोल साधत बसवला, हे लक्षात घ्या. तुमच्याकडे १९७५ किंवा १९७६ ची गाडी असेल तर पुढे बार आहे का हे आधी खाली वाकून बघा. तिथे सुधारणा म्हणजे मुळात असायला हवा होता तो भाग परत आणणं.

खाली बसवणं आणि शॉकअब्सॉर्बर

गाडी खाली बसवली की कल कमी होतो, असं सरसकट म्हणता येत नाही. पुढच्या त्रिकोणी भुजांच्या रचनेत बॉडी ज्या बिंदूभोवती कलते, तो गाडी खाली केल्यावर गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकू शकतो. मग कलवणारी भुजा लांब होते. स्प्रिंगा तेवढ्याच ताठ ठेवून नुसती उंची कापली, तर कल वाढूही शकतो.

शॉकअब्सॉर्बरबद्दल दुसरा गैरसमज आहे. लांब, एकसारख्या वळणात गाडी शेवटी किती कलून स्थिरावेल हे शॉकअब्सॉर्बर ठरवत नाही. ती तिथे किती वेगानं पोहोचेल आणि पोहोचल्यावर डुलत राहील का, एवढंच तो ठरवतो. एमजीबीचे जुन्या पद्धतीचे तरफेचे शॉकअब्सॉर्बर तेलावर चालतात, आणि पुढचे तर वरच्या भुजेचंही काम करतात. तेल गळून गेलं असेल तर गाडी डुलते आणि मालकाला वाटतं बार बारीक आहे.

सस्काटूनचे रस्ते

इथे मोठ्या रस्त्यांवर वळणं कमीच. शहराबाहेरचे ग्रिड रोड मैलांच्या चौकटींवर आखलेले, सरळ आणि खडीचे. त्यांतले काही तिरपे झोल पृथ्वी गोल असल्यामुळे आले आहेत. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येतात, म्हणून सर्वेक्षणात दर २४ मैलांवर, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटरवर, एक दुरुस्ती-रेषा ठेवली गेली. तिथे उत्तर-दक्षिण रस्ता बाजूला सरकतो. असा झोल खडीवर अचानक समोर येतो. खडीवर टायरची पकडच कमी, त्यामुळे वळणाचा जोर कमी आणि कलही कमी. तिथे ताठ बाराचा फायदा जवळजवळ नाही. उलट प्रत्येक चाकानं आपापला खड्डा आपापला सोसावा, हे जास्त गरजेचं.

शहरातही वसंतात तेच. जमिनीतलं पाणी गोठून-वितळून डांबर उचलतं आणि फोडतं. म्हणून रेसट्रॅकसाठी शिफारस केलेला सर्वांत जाड बार इथे बहुधा चुकीचा ठरतो.

थंडीचाही हिशोब ठेवा. सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सोडायला लागतं. पहाटे शून्य अंश आणि दुपारी वीस अंश असेल तर टायरची हवा जवळजवळ ३ पीएसआयनं बदलते. मागचे टायर पुढच्यांपेक्षा मऊ राहिले तर गाडीचा तोल एकही बार न बदलता बिघडतो.

क्रम काय ठेवावा

१. टायर. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वर्षाला थोडंच चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात.

२. बुश आणि शॉकअब्सॉर्बर. चाळीस-पन्नास वर्षांचं रबर फाटलेलं असतं. नवे रबरी बुश बसवताना शेवटची घट्ट आवळणी गाडी चाकांवर उभी असताना करा. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळले तर गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

३. पुढचा बार. मूळ बारापेक्षा एकच पायरी जाड.

४. स्प्रिंगा, जुन्या बसल्या असतील तर. उंची मूळच्या जवळ ठेवा.

५. मागचा बार सर्वांत शेवटी, आणि पुढे पुरेसा ताठ बार असेल तरच.

प्रत्येक पायरीनंतर चाकांचं अलाइनमेंट तपासा आणि काही दिवस चालवून मगच पुढे जा. दोन बदल एकदम केले तर कशानं काय झालं ते कळत नाही. बदल मोठे असतील तर एसजीआयच्या नियमांत बसतात का, हे आधी विचारून घ्या.

मोजायचं कसं

फोनवरचं पातळी दाखवणारं ॲप वळणात खोटं बोलतं. त्याच्या संवेदकाला गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्या उदाहरणात खरा कल ३ अंशांचा असताना ते २५ अंशांच्या आसपास दाखवेल.

सस्काटूनमध्ये याहून चांगलं उपकरण फुकट आहे : सपाट क्षितिज. फोन डॅशबोर्डवर पक्का बसवून समोरचं चित्रण करा. वळणात चित्रातलं क्षितिज जितकं तिरपं होईल, तितका गाडीचा कल. सरळ जाताना जो तिरपेपणा असेल तो वजा करा.

मोकळ्या, सपाट जागेत, परवानगी घेऊन, २० मीटर त्रिज्येचं वर्तुळ शंकू ठेवून आखा. एक फेरी १४ सेकंदांत पूर्ण केली तर वेग ताशी ३२ किलोमीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४१ टक्के होतो. दोन्ही दिशांनी फेऱ्या मारून सरासरी घ्या, म्हणजे जमिनीचा उतार वजा होईल. बार बदलण्याआधी आणि नंतर हेच मोजा. त्याच वेळी एक गोष्ट हातांनी टिपा : वेग हळूहळू वाढवत नेला तर आधी नाक सरकतं की शेपूट?

कलाचा आकडा चित्रणातून मिळेल. पण रोजच्या रस्त्यासाठी महत्त्वाचं उत्तर या दुसऱ्या प्रश्नाचं आहे. नाक आधी सरकत असेल आणि गाडी दोन-अडीच अंशच कलत असेल, तर काम झालं. उरलेला कल राहू द्या. टायरची पकड संपत आल्याची सूचना चालकाला तोच आधी देतो.